वडील अंथरुणाला खिळलेत. दवाखान्यासाठी ५ लाख, पण घरी सांभाळायला सरकारकडून काहीच नाही का?

कोयनाकाठची:
नमस्कार मंडळी. इथे वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७८ चे, कराडला असतात, साखर कारखान्यातून रिटायर. गेल्या श्रावणात पहाटे बाथरूममध्ये पडले आणि उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. भावानं ७० वरच्यांचं आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवलेलं त्यामुळे ११ दिवस ऍडमिट, त्यात २ दिवस आयसीयू आणि बिल शून्य. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मनोमन हात जोडले की कुणीतरी ही योजना आणली. पण बाराव्या दिवशी डिस्चार्ज झाला आणि तिथून पुढे सगळं आमचं. नाकात नळी, लघवीची पिशवी, हातात फाईल आणि सिस्टरनी निघताना दहा मिनिटांत सांगितलेलं तेवढंच. त्या योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं वगैरे धरतात, पण सोळाव्या दिवशी माणूस उठून चालायला लागतो का हो?

आता महिन्याचा हिशोब सांगते. दिवसा १२ तास, पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचे मामा, ७०० रोज म्हणजे २१ हजार. डायपर साडेतीन हजार. औषधं ४२००. फिजिओ आठवड्यातनं तीनदा, ते ४८०० च्या आसपास. नळी बदलायला ब्रदर येतात त्यांचे ५००. झाले ३४ हजार. बाबांची पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची, २,१४० रुपये. बाकी भाऊ आणि मी मिळून घालतो, भाऊ पुण्यात कंपनीत आहे, मी खाजगी क्लासमध्ये शिकवते. आत्तापर्यंत एक एफडी मोडली, दुसरी मोडायला काढलीय.

आणि रात्री कोणी नसतं, रात्रीचा माणूस परवडतच नाही. आई ७२ ची, तिचे स्वतःचे गुडघे गेलेत. ती काय करते तर बाबांच्या चालत्या हाताला जुन्या साडीची पट्टी सैलसर बांधते आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला, म्हणजे बाबांनी हात हलवला की हिला जाग येते. मी शनिवारी जाते तेव्हा ती पट्टी मी माझ्या हाताला बांधून घेते. त्या एका रात्रीत चार-पाचदा उठावं लागतं, आई हे आठवड्यातले सहा दिवस करते.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, आत्ता या घडीला सरकारकडून घरच्या शुश्रूषेसाठी काही मिळतं का, मी दोन ऑफिसात जाऊन आले, दोन्हीकडे दुसरीकडे जा म्हणाले. आणि दुसरं, मिळत नसेल तर मिळायला पाहिजे की नको, आणि ते मागायचं कुणाकडे?

---

निवृत्त_अव्वल_कारकून:
ताई, मी ३१ वर्षं महसुलात काढली, त्यातली सहा तहसीलच्या संगांयो शाखेत, म्हणजे संजय गांधी योजनेच्या टेबलावर. म्हणून स्पष्ट सांगतो, घरी सांभाळण्यासाठी म्हणून वेगळे पैसे आपल्या राज्यात वृद्धांना नाहीत. जे आहे ते निराधारांसाठीचं निवृत्तिवेतन. श्रावणबाळ योजनेत ६५ वरच्या माणसाला महिना १५०० मिळतात, जुलै २०२३ आधी १००० होते. दारिद्र्यरेषेखालचा असेल तर त्यातले २०० केंद्राचे. हे केंद्राचे २०० रुपये २००७ पासून तेवढेच आहेत, ८० झाल्यावर ५०० होतात.

पण अट आहे वार्षिक उत्पन्न २१ हजाराच्या आत. तुमच्या बाबांची पेन्शनच वर्षाला २५,६८० होते, म्हणजे ते ४,६८० रुपयांनी 'श्रीमंत' ठरतात. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत २१ हजाराचे. माझ्या टेबलासमोर काठी टेकत आलेली किती माणसं मी याच अटीवर परत पाठवली असतील, सहीचं काम माझं नव्हतं पण 'बसत नाही' हे तोंडानं मीच सांगायचो. आता बोलतोय, तेव्हाही बोलायला पाहिजे होतं.

आता काय करता येईल ते बघा. पहिलं म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी. लकव्याला सहा महिने झाले आणि तब्येत एका जागी स्थिरावली की सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाकडे ऑनलाईन अर्ज करा, ४० टक्क्यांच्या वर निघालं की तो दाखला पुढे पुष्कळ ठिकाणी लागतो. पेशंट उठू शकत नाही हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा आणि बोर्डाच्या वाराला जाण्याआधी फोन करून विचारा, उगाच ऍम्ब्युलन्सचा खर्च दोनदा नको. भाऊ जुन्या कररचनेत असतील तर दिव्यांग आईवडिलांना सांभाळतो म्हणून आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) सरसकट ७५ हजाराची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख, पावत्या जोडायची गरज नाही. नवीन कररचनेत यातलं काहीही नाही.

दुसरं, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, वार्षिक उत्पन्न २ लाखाच्या आत पाहिजे. कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर अशा वस्तूंसाठी आहेत. तुमच्या महिन्याच्या डायपरलाही पुरायचे नाहीत पण सोडू नका. आणि ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे १४५६७, कुठला कागद कुठे लागतो एवढं तरी नीट सांगतात.

---

बार्शीचा_रानकरी:
वाचून वाईट वाटलं ताई, बाबांना आराम पडो. पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो, राग मानू नका. आमच्या आजीला आईनं ९ वर्षं केलं, हगणं-मुतणं सगळं, एक दिवस कुरकुर नाही. तेव्हा ना कार्ड होतं ना ब्युरो. आईवडिलांचं करणं हे पोरांचं काम आहे, त्याचे पैसे सरकारकडं मागायला लागलो तर उद्या पोरं म्हणतील सरकार बघतंय ना मग मी कशाला बघू. लातूर झेडपीनं २०२० मध्ये ठराव केलेला की जो कर्मचारी आईबापाला सांभाळत नाही त्याचा ३० टक्के पगार कापून आईबापाच्या खात्यावर टाकायचा. मला ते पटतं. आणि सरकारकडं पैसा कुठंय, आमच्याकडं अजून रस्ता नाही धड.

---

ठाण्याची_अनघा:
बार्शीकर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार, अगदी मनापासून. पण एक विचारते, त्या ९ वर्षांत आई माहेरी किती वेळा गेल्या? त्यांची पाठ आज कशी आहे? कुरकुर नाही केली म्हणता, पण कुरकुर ऐकायला कोण होतं?

मी सांगू शकते कारण मी तेच केलंय. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, पाच वर्षं. गॅस चालू ठेवून बाहेर जायच्या, मला चोर समजून रात्री दाराशी उभ्या राहायच्या. मी शाळेतली नोकरी सोडली, कायम होते, सोडली तेव्हा १४ वर्षं झालेली. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून माझी नोकरी गेली, यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, गणितच तसं होतं. देशात ६० वरच्यांपैकी १०० मागे सात-साडेसात जणांना हा आजार असल्याचं २०२३ च्या अभ्यासात आलंय, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रत्येकामागे घरात कोणीतरी एक बाई आहे असं धरा.

आता पोरांच्या कर्तव्याचं म्हणाल तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहेच की. प्रांताधिकाऱ्यांसमोर अर्ज करता येतो, वकील लागत नाही. पण त्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार, २००७ साली ठरलेली आणि आजही तीच. २०१९ मध्ये ती मर्यादा काढायचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, ते तसंच पडून राहिलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर गेलं. आणि या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीच. जबाबदार म्हणून तिचं नाव नाही आणि केलं म्हणूनही तिचं नाव नाही, काम मात्र सगळं तिच्याकडे. त्याच कायद्यात कलम १९ आहे, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम, पण तिथे शब्द असा वापरलाय की राज्य सरकार 'काढू शकेल'. काढलेच पाहिजेत असं नाही. पोराच्या बाबतीत मात्र 'बंधनकारक'. जो करतोय त्याच्यावर अजून ओझं टाकणारा कायदा आहे तो, हात देणारा नाही.

ताई तुम्हाला एक वेगळा सल्ला, हा पैशाचा नाही. बाबांच्या नावावर घर असेल आणि ते भावाच्या किंवा तुमच्या नावे बक्षीसपत्र करायचा विषय निघाला तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे वाक्य पत्रात लिहूनच घ्या. याच कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करता येतं पण अट होती हे दाखवावं लागतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अट नव्हती म्हणून एका आईच्या विरुद्ध निकाल दिलेला, २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या आईच्या बाजूनं दिला. तुमच्या घरी तशी वेळ येणार नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

---

पेशंटवाली_मावशी:
मी ब्युरोची बाई आहे, हडपसरला राहते, १२ वर्षं झाली पेशंट करते. फोनवर बोलून टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

ताई तुम्ही ७०० देता ना त्यातले त्या मामांना ५०० नाहीतर ५२० मिळत असतील. बाकी ब्युरोचे. आम्हाला फंड नाही, ईएसआय नाही, सुट्टी घेतली की खाडा. मी १२ वर्षांत २० च्या वर म्हातारी माणसं सांभाळली, माझं स्वतःचं म्हातारपण कोण सांभाळणार ते मला माहीत नाही. ट्रेनिंग म्हणाल तर पहिल्या दिवशी दुसऱ्या बाईबरोबर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी एकटीला पाठवलं. सरकारनं पैसे द्यायचे तर द्यावेतच पण आधी आम्हाला शिकवावं, कार्ड द्यावं, रेट ठरवून द्यावा. पेशंटच्या घरचे पण लुटले जातात आणि आम्ही पण.

आता बाबांचं सांगते, हे नीट वाचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण. रात्री जमत नसेल तर एअर मॅट्रेस घ्या, भाड्यानं पण मिळते. पण मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नाही. रोज अंघोळ घालताना माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा, बोट काढल्यावर पण लालच राहिला तर तिथं जखम व्हायला लागलीय, त्याच दिवशी डॉक्टरला फोटो पाठवा. फुटल्यावर पाठवू नका. नळीनं भरवताना डोकं वर करून बसवायचं आणि भरवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्यायचं, लगेच आडवं केलं की अन्न छातीत जातं. आणि गेलेल्या हाताला धरून कधी उठवू नका, सगळे तेच करतात, खांदा निखळतो आणि पेशंटला बोलता येत नसलं की कळत पण नाही का रडतोय.

आईच्या हाताला पट्टी बांधू नका. रात्री त्या झोपेत वळल्या आणि बाबांचा हात ओढला गेला तर. एक बेल मिळते रिमोटची दोन-तीनशेला, दारावर लावतात ती, बटण बाबांच्या चालत्या हाताजवळ चादरीला पिन करा आणि बेल आईच्या उशाशी. मी माझ्या तीन पेशंटना लावून दिली.

---

स्टुटगार्टहून:
मावशींचा प्रतिसाद वाचून मिनिटभर तसाच बसून राहिलो. मी मूळ मिरजेचा, इथे १६ वर्षं आहे. इथली पद्धत सांगतो, कौतुक म्हणून नाही, पैसे कुठून येतात हा प्रश्न वर आलाय म्हणून.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे, आरोग्य विम्यापेक्षा वेगळा आणि सक्तीचा. २०२५ मध्ये पगाराच्या ३.६ टक्के, निम्मे मी निम्मे मालक, मूल नसेल तर ०.६ टक्के जास्त. सुरू करताना मालकवर्ग ओरडला की आमच्यावर बोजा, तर त्याची भरपाई म्हणून सगळ्यांची एक धार्मिक सुट्टीच रद्द केली. सॅक्सनी या एका राज्यानं सुट्टी ठेवली, तर तिथले कामगार आजही या विम्यात मालकापेक्षा जास्त वाटा भरतात. म्हणजे म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी अख्ख्या देशानं वर्षाचा एक दिवस जास्त काम करायचं मान्य केलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार भिडली.

मिळतं कसं? अर्ज केला की तपासणारा माणूस घरी येतो. स्वतः उठता येतं का, जेवता येतं का, संडासला जाता येतं का, विसर पडतो का, याचे गुण देतो आणि त्यावरून पाच पायऱ्या ठरतात. आजाराचं नाव विचारत नाहीत, काय करता येत नाही ते विचारतात. आमच्या शेजारच्या आजी चौथ्या पायरीवर आहेत, मुलगी घरी सांभाळते तर महिना ८०० युरो येतात. तेच बाहेरची नर्सिंग संस्था लावली तर १,८५९ युरोपर्यंतचं काम विमा देतो. आणि मुलगी आठवड्याला १० तासांपेक्षा जास्त करते म्हणून तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे हप्तेही विमाच भरतो. अनघाताई, तुमची १४ वर्षांची नोकरी वाचून मला हेच आठवलं.

सगळं गोड नाही. वृद्धाश्रमात ठेवलं तर विम्याचे पैसे वजा जाऊनही महिना ३ हजार युरोच्या आसपास खिशातून जातात, हप्ता दर काही वर्षांनी वाढतो, आणि माणसं मिळत नाहीत. माणसं मिळत नाहीत म्हणूनच तर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्याच या राज्याशी, बाडेन व्युर्टेमबर्गशी, करार केला, नर्स आणि केअरटेकर धरून कुशल तरुण इकडे पाठवायचा. पोरांना जर्मन शिकवून, शुश्रूषेचं शिक्षण देऊन पाठवणार. चांगलंच आहे, पोरांचं भलं होईल. पण मग हडपसरच्या मावशींना तेच शिक्षण आपल्या राज्यात का नाही मिळत, हे मला खरंच विचारायचंय.

आणि बार्शीकर, 'सरकार करतंय म्हणून पोरं सोडून देतील' ही भीती इथे खरी ठरलेली मी बघितली नाही. सांभाळावं लागणाऱ्यांपैकी बहुतेक माणसं इथेही घरीच आहेत आणि घरचेच बघतात. फक्त घरचे मोडून पडत नाहीत.

---

बार्शीचा_रानकरी:
अनघाताई, तुमचं वाचून काल रात्री आईला फोन केला. ९ वर्षांत माहेरी दोनदा गेलेली, एकदा मामाच्या लग्नाला आणि एकदा आजोबा गेले तेव्हा. मला माहीतच नव्हतं, मी हॉस्टेलवर होतो. पाठीचं तर विचारायलाच नको. माझं आधीचं म्हणणं मी मागं घेतो, निदान अर्धं तरी.

पण पैशाचा मुद्दा राहतोच. जर्मनीत सगळे पगारी. आमच्याकडं शेतकरी, मजूर, हमाल, ३.६ टक्के कापायचे कुणाच्या पगारातनं?

---

कुडाळचा_माजी_सदस्य:
ग्रामपंचायतीत दोन टर्म होतो. बार्शीकरांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर जर्मनीपर्यंत न जाता आपल्या शेजारी आहे असं मला वाटतं.

केरळात कोझिकोडला १९९३ पासून काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं, पॅलिएटिव्हचं काम सुरू केलं, मग शेजारच्या मलप्पुरममध्ये लोकांनीच ते उचललं, वाडीवाडीत स्वयंसेवक. २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरण केलं आणि पंचायतींवर टाकलं. आज तिथं पंचायतीची नर्स गाडी घेऊन अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. पैसा पंचायतीच्या योजनेतनं येतो. मी एका अभ्यासदौऱ्यात बघितलंय, एका घरात ती नर्स पेशंटचं झाल्यावर त्याच्या बायकोशेजारी पायरीवर बसली आणि तुला झोप लागते का म्हणून विचारलं. दहा मिनिटं बोलत होत्या. मला मल्याळम येत नाही पण ती बाई रडून मोकळी झाली एवढं कळलं. शिवाय तिथं अंथरुणावरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्याला आश्वासकिरणम् म्हणून महिना ६०० रुपये आहेत. थकतात, वेळेवर येत नाहीत, सगळं खरं. पण सांभाळणाऱ्याच्या नावानं सरकारी कागदावर रक्कम आहे, आपल्याकडं तो रकानाच नाही.

आता आपल्याकडं. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष, आणि उपकेंद्राच्या नर्सनं अंथरुणावरच्या वृद्धांना घरी जाऊन भेटायचं आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवायची असं लिहिलंय. ताई, कराडला नगरपालिकेचं किंवा जवळचं आरोग्य केंद्र असेल तिथं लेखी अर्ज द्या की या कार्यक्रमाखाली घरी भेट द्या. तोंडी विचारू नका, पोच घ्या. आणि यूडीआयडी हातात आला की ५ टक्के निधी मागा. ग्रामपंचायत, पालिका, झेडपी सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेत. आमच्या काळात वर्षअखेरीला तो निधी तसाच शिल्लक दिसायचा, कारण मागायलाच कोण यायचं नाही, मग मार्चमध्ये घाईघाईनं काहीतरी वाटून टाकायचे. आम्ही एक वर्ष त्यातनं तीन घरांना डायपर आणि वॉटर बेड दिले.

राज्याला परवडेल का? कागद-पेन घेऊन बसलो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६० वरची माणसं १ कोटी ११ लाखांच्या आसपास. आज जास्तच असतील. धरून चाला की त्यातली शंभरात पाच पूर्ण अंथरुणावर आहेत, हा माझा अंदाज बरं का. म्हणजे साडेपाच लाख. प्रत्येकाला महिना ३००० दिले तर वर्षाला २००० कोटी. लाडक्या बहिणींसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवलेत. ती योजना बंद करा असं मी म्हणत नाही, माझ्या घरातही ते पैसे येतात. पण २००० कोटी म्हणजे आभाळाला हात लावण्यासारखं नाही एवढंच दाखवतोय.

---

निवृत्त_अव्वल_कारकून:
कुडाळकरांनी चांगला हिशोब मांडला. बार्शीकर, 'कुणाच्या पगारातनं' याला आपल्याच राज्याचं एक उत्तर सांगतो. तुमच्या ओळखीत पगारदार असेल तर त्याची स्लिप बघा, दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ मध्ये का बसवला माहितीय का? रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळ पडून गेलेला, वि. स. पागे यांनी योजना मांडली होती, आणि गावातल्या मजुराला काम द्यायला शहरातल्या नोकरदारानं पैसे द्यायचे असं या राज्यानं कायद्यानं ठरवलं. नोकरदारानं दिले, आजही देतो, बहुतेकांना कशासाठी ते ठाऊकही नाही. पुढे दिल्लीनं तोच धडा अख्ख्या देशासाठी घेतला. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, कायम मालक नसलेल्या माणसाचा फंड आणि ग्रॅच्युईटी माल उतरवून घेणाऱ्याकडून लेव्ही घेऊन मंडळ जमा करतं. मावशींसारख्या बायकांसाठी असं मंडळ का होऊ शकत नाही? ब्युरोकडून लेव्ही घ्या, त्यातून फंड आणि ट्रेनिंग. कायद्याचा साचा आपल्याकडे ५० वर्षांहून जुना आहे, नव्यानं शोधायचं काही नाही.

पण एक खाचखळगा आहे. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारापेक्षा जास्त घेता येत नाही, घटनेतलीच मर्यादा आहे आणि ती १९८८ पासून वाढलेली नाही. तेव्हा त्याच करात वाढ करून भागणार नाही, वेगळी तरतूद लागेल.

---

पेशंटवाली_मावशी:
माथाडीसारखं मंडळ झालं तर मी पहिलं नाव देईन. माझा मोठा दीर मार्केट यार्डात माथाडी होता, त्याला रिटायर होताना पैसे मिळाले, घराला स्लॅब टाकला त्यानं.

---

कोयनाकाठची:
सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये बाबांना छातीत कफ झाला होता, परत ऍडमिट. परत कार्डावर. परत बिल शून्य. सहा दिवस. डॉक्टर म्हणाले अन्न श्वासनलिकेत गेलं असावं. मावशी, तुमचं वाचल्यापासून आम्ही बसवूनच भरवत होतो, पण मामा एक दिवस आले नाहीत आणि आईला एकटीला बाबांना नीट बसवता आलं नाही. मी तेव्हापासून एकच हिशोब डोक्यात करतेय. या सहा दिवसांसाठी सरकारनं दवाखान्याला जे काही दिलं असेल, त्यात रात्रीचा एक माणूस किती महिने ठेवता आला असता? दवाखान्यात पोचल्यावर पैसे आहेत, पोचू नये म्हणून नाहीत.

बेल लावली. पहिल्या रात्री बाबांनी अकरा वेळा वाजवली, आई म्हणाली लहान पोरासारखं करतायत. नंतर कळलं त्यांना बघायचं होतं की ती खरंच येते का. आता दोनदा-तीनदाच वाजवतात.

आरोग्य केंद्रात अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या सिस्टर पहिल्यांदा म्हणाल्या असं काही येत नाही, मी कार्यक्रमाचं नाव सांगितल्यावर आत जाऊन विचारून आल्या आणि गुरुवारी घरी आल्या. वीस मिनिटं होत्या. आईला नळी धुवायची कशी ते परत दाखवलं, टाचा बघितल्या. पैसे काही नाहीत त्यात पण आई दोन दिवस त्याच सिस्टरबद्दल बोलत होती. आमच्या गल्लीतच आणखी तीन घरांत अंथरुणावरची माणसं आहेत, हे मला त्या सिस्टरबरोबर चालताना कळलं, एका घरात तर बाईच बाईला सांभाळतेय, दोघी ऐंशीच्या पुढच्या. आम्ही चौघांनी मिळून अर्ज लिहायचं ठरवलंय, ५ टक्क्यांचं आणि महिन्यातून दोनदा भेटीचं. काका, मसुदा बघून द्याल का?

---

निवृत्त_अव्वल_कारकून:
जरूर, व्यक्तिगत निरोपात पाठवा, आजच बघतो. चौघांचा एकत्र अर्ज देऊ नका, एकत्र दिला की एकच आवक क्रमांक पडतो आणि एकच उत्तर येतं. चार वेगळे द्या, चार पोच घ्या, आणि मुख्याधिकाऱ्यांना प्रत. ५ टक्क्यांच्या अर्जात मागच्या तीन वर्षांत या निधीतून किती खर्च झाला आणि किती शिल्लक आहे हेही विचारा. ज्या दोघी ऐंशीच्या पुढच्या आहेत त्यांचं श्रावणबाळ चालू आहे का आधी बघा, हयातीचा दाखला दिला नाही म्हणून पुष्कळांचं बंद पडलेलं असतं आणि त्यांना कळतही नाही. बंद असेल तर मला सांगा, तो अर्ज मी स्वतः लिहून देतो.